भयपटाचा तास

भयपट आणि अभ्यास हे दोन शब्द एकत्र आले की घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते. परीक्षा तोंडावर असताना मुलाने पांघरुणात मोबाईल धरून भुताखेतांचे चित्रपट पाहावेत हे कोणत्या आईवडिलांना रुचेल? त्यात रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरापर्यंत जायला मुलगी बिचकू लागली, की त्या नाराजीला पुरावाही मिळतो. ही नाराजी निराधार नाही. परंतु ज्या घरांत आजीने नरकाच्या चित्रांचे पुस्तक मांडीवर उघडून, खोटे माप देणाऱ्याचे पुढे काय होते ते नातवंडांना बोट ठेवून दाखवले, त्या घरांना भीतीच्या चित्रातून शिकवण्याची कल्पना अगदीच परकी वाटू नये. संग्रहणीसूत्राच्या जुन्या सचित्र पोथ्यांत नरकभूमी रंगवणारे चित्रकार निराळे काय करत होते?

फरक एवढाच की पोथीतल्या चित्रापाशी उत्तर आधीच लिहिलेले असे. पाप कोणते आणि शिक्षा कोणती, हे मुलाने ऐकायचे आणि मान डोलवायची. भयपटाचा अभ्यासासाठी उपयोग करायचा तर उत्तर मागे ठेवून प्रश्न पुढे आणावा लागतो. 'घाबरलास का?' हा प्रश्न त्यात सर्वांत कमी महत्त्वाचा. 'हे संकट कोणाला आधीपासून ठाऊक होते, आणि त्याने ते कोणाला सांगितले नाही?' हा प्रश्न विचारला की भयपट अचानक धड्यासारखा उलगडू लागतो. व्यापारी घरातल्या मुलांसाठी तर विशेषच.

याचे सर्वांत चांगले उदाहरण पन्नास वर्षांपूर्वीचे आहे. पीटर बेंचली यांच्या १९७४ च्या कादंबरीवरून स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी केलेला 'जॉज' हा चित्रपट जून १९७५ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. कथा सांगायला दोन ओळी पुरतात. ॲमिटी नावाच्या काल्पनिक बेटाच्या किनाऱ्यावर एक प्रचंड शार्क मासा येतो, माणसे मारतो आणि शेवटी तीन पुरुष होडी घेऊन त्याच्या मागावर जातात. बहुतेकांच्या स्मरणात राहतो तो मासा आणि ती होडी. वर्गात दाखवायचा तो मात्र पहिला तास, कारण त्यात मासा जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती बाजारपेठ.

या बेटाचे पोट उन्हाळ्यावर आहे. खानावळी, भाड्याच्या खोल्या, पोहण्याच्या सामानाची दुकाने, सगळ्यांची वर्षभराची कमाई चार जुलैच्या राष्ट्रीय सुट्टीच्या आसपासच्या काही आठवड्यांत होते. दिवाळीच्या पंधरवड्यावर वर्षाचा हिशेब बेतणाऱ्या कापडदुकानदाराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. हंगामाच्या तोंडावर एका तरुणीचे छिन्न शरीर किनाऱ्याला लागते. तपासणारा डॉक्टर आधी शार्कचा हल्ला असे सांगतो. पोलीसप्रमुख ब्रॉडी किनारा बंद करायला निघतो. तेव्हा नगराध्यक्ष काही प्रतिष्ठितांना आणि त्या डॉक्टरलाही बरोबर घेऊन, पाणी ओलांडणाऱ्या तरीवर त्याला गाठतात. डॉक्टर आता म्हणतो, होडीच्या पंख्याने झालेला अपघातही असू शकेल. कोणी धमकावत नाही, कोणी लाच देत नाही. सगळे गोड बोलतात. तर पुढे सरकत असते आणि तेवढ्या वेळात एक खरी गोष्ट खोटी होऊन जाते.

हा प्रसंग दाखवून पडदा थांबवावा आणि मुलांना विचारावे, की या तरीवर खोटे नेमके कोण बोलले? उत्तर सोपे नाही, म्हणूनच ते शोधण्यासारखे आहे. नगराध्यक्षांनी 'शार्क नाही' असे कुठे म्हटले? ते म्हणाले ते एवढेच, की त्या एका शब्दाने घबराट होईल आणि गावाचा उन्हाळा बुडेल. डॉक्टरने फक्त एक शक्यता मांडली. ब्रॉडी गप्प बसला. तिघांच्या तीन अर्धवट वाक्यांतून एक पूर्ण असत्य तयार झाले. दुकानात मसाल्याच्या पोत्याला ओल लागलेली असते; गड्याला माहीत असते, मुनीमजींना माहीत असते, गल्ल्यावर बसलेल्या मुलालाही माहीत असते, आणि गिऱ्हाइकाने विचारले नाही म्हणून कोणीच सांगत नाही. असत्याला बोलणारे तोंड लागतेच असे नाही, हे सोळा वर्षांच्या मुलाला कोणत्या पाठ्यपुस्तकातून इतक्या लवकर कळेल?

पुढे एक लहान मुलगा मरतो. त्याची आई काळ्या वेशात धक्क्यावर येते आणि सगळ्यांसमोर ब्रॉडीच्या थोबाडीत मारते, कारण धोका ठाऊक असूनही किनारा उघडा ठेवला गेला हे आता तिला कळलेले आहे. जवळच उभे असलेले नगराध्यक्ष ब्रॉडीची समजूत काढू पाहतात. तो म्हणतो की बाई चुकलेली नाही. संपूर्ण चित्रपटातले सर्वांत भयंकर दृश्य कोणते, असे विचारले तर मुले आधी माशाचा जबडा सांगतील. थोडे थांबून एखादी मुलगी हे दृश्य सांगेल. त्या मुलीला तास पोहोचला.

आणि नगराध्यक्ष? त्यांना खलनायक ठरवून मोकळे होणे मुलांना आवडते. शिक्षकाने ते होऊ देऊ नये. चार जुलैला ते स्वतः ओळखीच्या माणसांना पाण्यात उतरण्याचा आग्रह करतात आणि त्यानंतरच्या हल्ल्यानंतर इस्पितळात भेदरलेल्या आवाजात सांगतात, की त्यांचीही मुले त्या किनाऱ्यावर होती. म्हणजे हा माणूस गिऱ्हाइकांनाच नव्हे, स्वतःलाही फसवत होता. शास्त्रात भये सात सांगितली आहेत. इहलोकभय, परलोकभय, आदानभय, अकस्मात्‌भय, आजीविकाभय, मरणभय आणि अपयशभय. ग्रंथागणिक या यादीत थोडा फरक पडतो. पाठशाळेत ही यादी मुले पाठ करतात आणि विसरतात. 'जॉज' पाहताना ती फळ्यावर लिहावी आणि कोणत्या पात्राला कोणते भय आहे ते मुलांनाच ठरवू द्यावे. पोहणाऱ्यांना मरणभय आहे. नगराध्यक्षांना आजीविकाभय आहे, आणि पहिल्या तासात माणसे मारण्याचे काम त्या माशाइतकेच या भयानेही केले आहे. हलक्या दर्जाच्या भयपटांना अकस्मात्‌भय तेवढे ठाऊक असते: दार उघडले, किंचाळी आली, मांजर उडी मारून गेली. असे चित्रपट अभ्यासाच्या उपयोगाचे नाहीत. निवडीची यापेक्षा सोपी कसोटी सापडणे कठीण.

नगराध्यक्षांची ही जात फार जुनी आहे. हेन्रिक इब्सेन यांच्या १८८२ च्या 'एन एनिमी ऑफ द पीपल' या नाटकात गावाच्या औषधी स्नानगृहांचे पाणी दूषित असल्याचे एका डॉक्टरला कळते, आणि त्याचा सख्खा भाऊ, गावाचा प्रमुख, ते दडपू पाहतो. सत्यजित राय यांनी १९८९ मध्ये तीच गोष्ट 'गणशत्रू' या नावाने बंगालच्या एका मंदिराच्या गावात आणली. तिथे दूषित आहे ते चरणामृताचे पाणी. मोठ्या मुलांना 'जॉज'नंतर आठवड्याने 'गणशत्रू' दाखवावा. त्यात एकही राक्षस नाही, रक्ताचा थेंब नाही, बहुतेक प्रसंग घरातल्या खोल्यांत घडतात, तरी भीती तीच. शिवाय एक जास्तीचा पेच: जिथे श्रद्धा आणि व्यापार एकाच विहिरीचे पाणी पितात तिथे डॉक्टरने बोलावे कसे? तीर्थक्षेत्रांच्या गावी पेढ्या असणाऱ्या घरांत या प्रश्नावर जेवणाच्या ताटावरही वाद रंगेल.

भीती तयार कशी करतात, हा अभ्यासाचा दुसरा भाग. तो वाणिज्यापेक्षा विज्ञानाच्या तासाला शोभतो, पण त्यातही एक व्यवहाराची गोष्ट दडलेली आहे. 'जॉज'साठी यांत्रिक मासे बनवले होते. खाऱ्या पाण्यात उतरताच ते बिघडू लागले. पंचावन्न दिवसांत संपायचे चित्रीकरण १५९ दिवस चालले. चाळीस लाख डॉलरच्या आसपासचे अंदाजपत्रक दुपटीच्या पुढे गेले. मासाच चालेना, तेव्हा तो न दाखवता त्याचे असणे दाखवणे भाग पडले. पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपे, पाण्याखालून पाहणारा कॅमेरा, आणि जॉन विल्यम्स यांनी योजलेले दोनच स्वर, हळूहळू जवळ येणारे. माल वेळेवर आला नाही म्हणून जे करावे लागले त्यातूनच चित्रपटाचे नाव झाले. मुलांकडून एक साधा प्रयोग करून घ्यावा: तोच प्रसंग एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून पाहायचा. आवाज गेला की समोर उरतो निळ्या पाण्याचा एक तुकडा. भीती डोळ्यांतून आत येत नव्हती, कानांतून येत होती, हे एकदा हाताला लागले की त्या मुलाला पुढे जाहिरातीही वेगळ्या ऐकू येतात. हिचकॉक यांच्या १९६० च्या 'सायको'मध्ये न्हाणीघरात वाहणारे रक्त चॉकलेटचे पातळ सिरप होते, हे सांगितले तर वर्गात हशा पिकतो; हशा पिकला की भीतीची पकड सुटते आणि बुद्धी कामाला लागते.

व्यापाराच्या विद्यार्थ्यांसाठी भयपटांच्या इतिहासात आणखी दोन प्रकरणे आहेत. १९२२ मध्ये जर्मनीत 'नॉस्फेराटू' तयार झाला तो 'ड्रॅक्युला' या कादंबरीवरून, पण हक्क विकत न घेता, पात्रांची नावे बदलून. लेखक ब्रॅम स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स कोर्टात गेल्या, जिंकल्या, आणि प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या म्हणून तो चित्रपट आज आहे. दुसरे प्रकरण याच्या उलट. १९६८ चा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' प्रदर्शनापूर्वी वितरकाने नाव बदलून नवी नामपट्टी लावली, आणि त्या बदलात स्वामित्वहक्काची सूचना गळाली. त्या काळच्या अमेरिकन कायद्याप्रमाणे सूचना नाही तर हक्क नाही. चित्रपट सार्वजनिक मालकीचा झाला. ज्याला हवे त्याने त्याच्या प्रती विकल्या आणि निर्मात्यांना त्यातून दमडी मिळाली नाही. करारपत्राची शेवटची ओळ वाचायला कंटाळणाऱ्या तरुणाला हे प्रकरण कोणत्याही भुतापेक्षा अधिक घाबरवील.

मराठी भूमीतला भयपट घ्यायचा तर 'तुंबाड' टाळता येत नाही. १२ ऑक्टोबर २०१८ ला आलेला राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट. त्याच्या मुळाशी नारायण धारप यांची कथा आहे आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत'वरून आलेले आहे. १९१८, १९३३ आणि १९४७ अशा तीन टप्प्यांत विनायक नावाच्या माणसाचा लोभ वाढत जातो. चित्रपटातील कल्पित पुराणात हस्तर नावाचा देवपुत्र सोने हिसकावतो, पण धान्याकडे हात टाकताच त्याला रोखले जाते. परिणामी तो सोन्याचा धनी आहे आणि युगानुयुगे भुकेला आहे. विनायक पिठाची बाहुली देऊन त्याला गुंतवतो आणि तेवढ्यात त्याच्या कमरेच्या वस्त्रातून जमतील तेवढ्या मुद्रा घेऊन वर पळतो.

इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे. विनायक सुरुवातीला अविचारी नाही. तो मोजून घेतो, जपून विकतो, पुन्हा येतो. एका अर्थी तो शिस्तीचा व्यापारी आहे. त्याचा मुलगा मात्र लहानपणापासून या फेऱ्यांची तालीम घेत वाढतो, आणि एके दिवशी साध्या सरळ हिशेबाने सुचवतो, की दर वेळी थोड्या मुद्रांसाठी जीव धोक्यात घालण्यापेक्षा सगळे वस्त्रच का आणू नये? बापाने 'किती पुरे' हे कधी सांगितलेच नव्हते, तर मुलाला ते कळणार कुठून? पुढे जे होते त्यातून बाप वाचत नाही; मुलाला ते वस्त्र मिळते तेव्हा तो ते नाकारतो. पेढी पुढच्या पिढीच्या हाती देताना घरात किल्ल्या दिल्या जातात, गिऱ्हाइकांची ओळख करून दिली जाते, उधारीची वही समजावली जाते. परिग्रहाला मर्यादा घालण्याचे व्रत घरात ऐकून ठाऊक असते, पण त्या मर्यादेचा आकडा बाप मुलाला क्वचितच सांगतो. वर्गात या चित्रपटाचा जमाखर्च मांडायला लावावा: जमेच्या बाजूला मुद्रा, खर्चाच्या बाजूला काय काय? विद्यार्थ्यांच्या वह्यांतले खर्चाचे पान जमेपेक्षा लांब निघते.

मात्र 'तुंबाड'ला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आहे, म्हणून तो शाळेत नव्हे, महाविद्यालयात आणि अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठीच. हा मुद्दा किरकोळ समजू नये. २०२४ च्या नियमांनुसार आता पालकांच्या मार्गदर्शनाच्या वर्गातही सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा पायऱ्या झाल्या आहेत. त्या पाहिल्याशिवाय कोणताही चित्रपट लावू नये. त्यापलीकडे प्रत्येक मुलाची प्रकृती निराळी. एक मूल हसत घरी जाते आणि त्याच्या शेजारचे आठ रात्री दिवा लावून झोपते. ज्याला पाहायचे नाही त्याला बाहेर वाचनालयात बसण्याची मुभा हवी, आणि त्याबद्दल त्याची थट्टा होता कामा नये. रक्तपात पाहणेच नको, असे काही घरांचे म्हणणे असते. तेही मानावे, कारण 'जॉज'चा वर सांगितलेला भाग हिंसेची दृश्ये गाळूनही पुरेपूर शिकवता येतो. करोनाच्या साथीत डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठातील अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह केलेल्या पाहणीत भयपटांचे चाहते त्या काळात मानसिकदृष्ट्या कमी खचलेले आढळले होते. हे वाचून लगेच घरात भयपटांची रीघ लावण्याचे कारण नाही. भयपटांमुळे मन घट्ट झाले, की मुळात घट्ट मनाचेच लोक भयपट पाहतात? संख्याशास्त्राच्या तासाला हाच प्रश्न घालावा.

'जॉज'ची एक बाजू अजून सांगायची राहिली. या चित्रपटाने माणसांना शहाणे केले की नाही ते सांगता येत नाही, पण शार्क माशांचे त्याने निश्चित नुकसान केले. जगभरात शार्कच्या हल्ल्यात वर्षाला सरासरी दहाहून कमी माणसे मरतात; माणसे मारतात ते शार्क मात्र कोट्यवधी. चित्रपटानंतर अमेरिकेच्या किनाऱ्यावर मोठा शार्क मारून फोटो काढण्याची हौस वाढली. लेखक बेंचली यांना हे पाहवले नाही. शार्कविषयी पुढे जे ज्ञान झाले ते पाहता आता अशी कादंबरी लिहिता येणार नाही, असे ते सांगत आणि २००६ मध्ये निधन होईपर्यंत ते समुद्ररक्षणाच्या कामात राहिले. मनोरंजनासाठी एका मुक्या जिवाला राक्षस ठरवले की त्याचे काय होते, हे विद्यार्थ्यांनी चित्रपटाच्या बाहेर येऊन पाहायला हवे.

त्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळ आणि मांगरोळच्या समुद्रात, व्हेल शार्क येतो. हा जगातला सर्वांत मोठा मासा, पण तो बारीक जीव गाळून खातो, माणसाला काही करत नाही. यकृतातल्या तेलासाठी आणि मांसासाठी त्याची शिकार होत असे. ते तेल लाकडी होड्यांना पाणी लागू नये म्हणून चोपडत. शिकारीसाठी त्याला पिंपे बांधत, म्हणून तिथले मच्छीमार या माशालाच 'बॅरल' म्हणत. 'जॉज'मधली पिवळी पिंपे पाहिलेल्या मुलांना हे नाव ऐकून चमकल्याखेरीज राहवणार नाही. माइक पांडे यांच्या 'शोअर्स ऑफ सायलेन्स' या माहितीपटाने ही शिकार लोकांपुढे आणली, आणि २००१ मध्ये व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले.

पण कायदा झाला म्हणून मच्छीमाराचे जाळे फाटायचे थांबत नाही. मासा जाळ्यात सापडला की त्याला सोडायचा तर जाळे कापावे लागते, आणि जाळे म्हणजे त्या घराचे भांडवल. २००४ पासून तिथे मोहीम सुरू झाली. मोरारीबापूंनी प्रवचनांतून सांगितले, की हा मासा म्हणजे बाळंतपणासाठी माहेरी येणारी लेक आहे. 'बॅरल'ची 'व्हाली' झाली. त्याचबरोबर गुजरातच्या वनखात्याने, व्हेल शार्क सोडताना कापलेल्या जाळ्याची भरपाई देण्याची व्यवस्था केली. मच्छीमार स्वतःच कॅमेऱ्याने छायाचित्र काढतात आणि तो पुरावा धरला जातो. आजवर शेकडो मासे असे जाळी कापून सोडले गेले आहेत.

ही हकिकत सांगून झाल्यावर विद्यार्थ्यांना पुन्हा ॲमिटी बेटावर न्यावे आणि कागद द्यावा. किनारा पहिल्याच दिवशी बंद केला असता तर कोणाकोणाचे किती नुकसान झाले असते, ते कोणी भरून द्यायला हवे होते, आणि नगराध्यक्षांनी त्या तरीवर डॉक्टरऐवजी कोणाला बरोबर आणायला हवे होते? एका तासात हे संपत नाही. उरलेले घरी, दुकानाचे शटर ओढल्यावर, वडिलांबरोबर बसून लिहून आणायला सांगावे.